जुने अंक रद्दीत घालू नका

अमेरिकेत जुनी विज्ञानकथा मासिके जमवणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. एप्रिल १९२६ मध्ये ह्यूगो गर्न्सबॅक यांनी तेथे ‘अमेझिंग स्टोरीज’ सुरू केले. किंमत २५ सेंट. असल्या मासिकांचा कागद लाकडाच्या लगद्याचा, स्वस्त. त्यातल्या आम्लाने तो पिवळा पडतो, हात लावताच तुकडे होतात. म्हणून अंक पाकिटात घालून, कोरड्या व अंधाऱ्या जागी ठेवतात.

पुष्कळांचा जीव रंगीत मुखपृष्ठात असतो. आम्हांस आतली पाने मोलाची वाटतात. ‘अ‍ॅनालॉग’चे संपादक जॉन कॅम्पबेल यांनी १९६० च्या दशकात वर्णभेदाची तरफदारी करणारी संपादकीये लिहिली. नायक काळा म्हणून आपली ‘नोव्हा’ कादंबरी त्यांनी नाकारली, असे कृष्णवर्णीय लेखक सॅम्युएल डिलेनी यांनी पुढे लिहून ठेवले. २०१९ मध्ये कॅम्पबेल यांच्या नावाच्या पुरस्काराचे नाव बदलले. ती संपादकीये कोणी नाकारू शकत नाही, कारण अंक शाबूत आहेत.

बंधुभगिनींनो, बाबासाहेबांच्या ‘मूकनायक’, ‘जनता’चा एखादा अंक, चळवळीचे एखादे जुने साप्ताहिक घरातल्या पेटीत असेल, तर ते जपा. आपला पुरावा आपणच राखला पाहिजे. जय भीम!