‘सूज येणारच हो’ : एका वैद्यकीय संचालकांना खुले पत्र

मा. वैद्यकीय संचालक यांस,

हे पाचवं पत्र. पहिलं तुमच्या तक्रारपेटीत टाकलं, दुसरं ईमेलने, तिसरं स्पीड पोस्टाने पाठवलं आणि चौथं माझ्या मुलाने तुमच्या स्वीय सहायकांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. चारांना मिळून एकच उत्तर आलं, तेही मोबाइलवर : ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.’ मोल किती, ते काही कळलं नाही, म्हणून आता चारचौघांत लिहिते. रुग्णालयाचं नाव मुद्दाम घालत नाही. तुम्हाला ते माहीत आहे, आणि माझा नोंदणी क्रमांक तर चार वेळा कळवून झालाय.

ऑपरेशनबद्दल माझी तक्रार नाही. हे आधीच लिहून ठेवते, नाहीतर तुमचे लोक नेमकं तेवढ्याचंच उत्तर देतील. डावा स्तन आणि काखेतल्या १७ गाठी काढल्या. टाके सुरेख घातलेत. २६ वर्षं ब्लाउज शिवते आहे, टाका कसा असावा ते मला कळतं.

चौथ्या दिवशी घरी पाठवलंत. हातात चार पानांचं डिस्चार्ज कार्ड, सगळं इंग्रजीत. मुलाकडून वाचून घेतलं. बिल, ठेव आणि परतावा यांवर ११ ओळी. जखमेवर दीड ओळ. सुजेवर आणि काळंनिळं पडण्यावर एक शब्द नाही. तळाशी ‘एसओएस’. म्हणजे गरज पडली तर या. आता गरज पडली असं कधी समजायचं, एवढंच मला विचारायचं होतं. त्यासाठी नऊ दिवसांत २३ फोन केले. १४ वेळा तुमची सनई ऐकली. ६ वेळा ‘ओपीडीत दाखवा’ म्हणून फोन ठेवला गेला. कराडहून पुण्याची ओपीडी म्हणजे अंगात नळी घेऊन एसटीचे साडेतीन तास, हे सांगायला वेळच मिळाला नाही. उरलेल्या ३ वेळा एक ताई बोलल्या. तिन्ही वेळा एकच वाक्य : “सूज येणारच हो.”

येणारच. कबूल. पण कोणती?

काखेखालून नळी काढून तिला डबा लावला होता. रोज माप घ्या, ३० मिलीच्या खाली आलं की काढू, एवढं सिस्टर सांगून गेल्या. मापं घेणं हा माझा धंदाच. गिऱ्हाइकांच्या वहीतच मागच्या पानावर लिहीत गेले : १४०, ११५, ९०, ८५, ७०. दहाव्या दिवशी एकदम ५. घरात आनंद झाला, जावेने शिरा केला. संध्याकाळी काखेत लिंबाएवढा फुगवटा आला. सकाळी तो मोसंबीएवढा झाला आणि कातडी अस्तर कमी पडल्यासारखी ताणली गेली. फोन लावला. ताई म्हणाल्या, “सूज येणारच हो. बर्फ लावा.”

लावला. फ्रिजच्या ट्रेमधला, तसाच, अर्धा तास. ऑपरेशनमध्ये तिथल्या बारीक नसा कापल्या जातात, कातडी बधिर होते, गार-गरम काही कळत नाही, हे मला कुणी सांगितलं होतं? कळलं असतं तर पाच मिनिटांत हात काढून घेतला असता. दुसऱ्या दिवशी दोन टपोरे फोड आले. कॅन्सरमधून उठायला निघालेली बाई बर्फाने भाजली. तुमच्या नोंदीत हा प्रकार कुठल्या रकान्यात बसतो ते एकदा कळवा.

बाराव्या दिवशी आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी नळी उजेडात धरली. आत रक्ताची गुठळी अडकलेली. दोन बोटांत नळी धरून त्यांनी वरून खाली सोलत आणली, शेंग सोलतात तशी. संध्याकाळपर्यंत डब्यात १६० मिली आलं. ते ५ मिली म्हणजे बरं होणं नव्हतंच. मोरी तुंबली की पाणी खाली उतरत नाही, वर चढतं. कातडी आतल्या थरापासून सोडवली की मध्ये पोकळी राहते आणि अंगातलं पाणी तिथे साचतं. रोज थोडंथोडं कमी होणं चांगलं. एका रात्रीत आटणं आणि जागा फुगणं वाईट. डॉक्टरांनी हे तीन मिनिटांत सांगितलं आणि १५० रुपये घेतले. तुमचं बिल २,३८,४५० रुपये होतं.

रंगांचंही तेच. छातीवर आधी आमसुली होतं. मग ते बरगड्यांवरून खाली सरकलं, सहाव्या दिवशी कमरेपाशी. मला वाटलं, रोगच खाली उतरतोय. साडी मी नेसायची ती आरशाकडे पाठ करून. मग रामा झालं, पोपटी झालं, तिसऱ्या आठवड्यात हळदी. सांडलेलं रक्त जड, ते खाली ओघळतं. त्यातला रंग शरीर मोडत जातं आणि निळ्याचं हिरवं, हिरव्याचं पिवळं होतं. म्हणजे ज्या रंगांना भिऊन मी रात्री जागत होते, ते बरं होण्याचे होते. तीन आठवड्यांची झोप एका वाक्यात वाचली असती.

आणि हात. बिलात ‘फिजिओथेरपी, २ वेळा, १,८०० रुपये’ अशी ओळ आहे. एकदाच एक मुलगी आली, पिवळा चेंडू दाबायला दिला आणि चार मिनिटांनी चेंडू घेऊन गेली. काखेतल्या गाठी गेल्या की हातातलं पाणी वर चढायची वाट अरुंद होते, हात पुढे महिन्यांनी, वर्षांनीही सुजू शकतो, बोटं भिंतीवर चालवत हात रोज वर न्यायचा असतो, यातलं काही ती बोलली नाही. चौथ्या महिन्यात डाव्या हातातल्या बांगड्या निघेनात. साबण लावून चार काढल्या, दोन फोडल्या. टेप घेतली : उजवा दंड साडेअकरा इंच, डावा पावणेतेरा. माझ्या वहीत मागच्या दिवाळीतलं माझ्याच ब्लाउजचं माप होतं, दोन्ही दंड साडेअकरा, म्हणून सूज किती ते तरी कळलं. तुम्ही ऑपरेशनआधी माझं रक्त सात वेळा काढलंत, हात एकदाही मोजला नाहीत. टेप २० रुपयांना येते. हवी तर एक पाठवते.

तुमच्या लिफ्टशेजारी काचेच्या फ्रेममध्ये रुग्ण हक्कांची सनद लावली आहे. शुश्रूषागृहांचे नियम २०२१ मध्ये सुधारले, तेव्हापासून ती लावावी लागते, हे मला नंतर कळलं. रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती मिळण्याचा हक्क त्यात आहे. फ्रेम छान आहे. तुमच्या वाढदिवसाचा फ्लेक्स मात्र तिच्यावर अर्धा आलाय.

भारतात बायकांना सगळ्यात जास्त होणारा कॅन्सर स्तनाचाच आहे. माझ्यासारख्या किती जणी तुमच्या दारातून नळी धरून एसटी स्टँडला जातात, हे तुम्हीच मोजा. मला विचारलंत तर मी घरी निघाले त्या दिवशी बाकावर बसलेल्या फक्त सहा जणींचं सांगू शकते.

हे सगळं सांगणारा कागद तुम्ही काढणार नाही, हे चार पत्रांनंतर समजलं. म्हणून मीच काढला. गल्लीतल्या डॉक्टरांकडून तपासून घेतला. एक पान, मोठी अक्षरं, मराठी. काळंनिळं खाली उतरलं तर घाबरू नका. काही तासांत फुगवटा वाढला, टणक झाला, लाली पसरली, कातडी गरम लागली, ताप आला, नळी अचानक आटली, तर थांबू नका. बधिर जागेवर बर्फही नको, गरम पाण्याची पिशवीही नको. दोन्ही दंड आजच मोजून ठेवा. खाली तुमच्या फोन नंबरची जागा कोरी सोडली आहे, कारण कुठला नंबर उचलला जातो ते मला माहीत नाही.

गेल्या मंगळवारी ओपीडीबाहेर ५० प्रती घेऊन उभी राहिले. ३८ गेल्या, तेवढ्यात तुमचे सुरक्षारक्षक आले आणि परवानगीचं पत्र मागू लागले. उरलेल्या १२ सोबत जोडल्या आहेत.

आपली,
जुन्या वॉर्डातली एक रुग्ण, कराड