गाडीची शाकारणी

वेल्हे तालुक्याच्या पश्चिमेकडच्या गावांत ज्यांचे बालपण गेले, त्यांना वैशाख म्हटले की आंब्या-करवंदांइतकीच शाकारणी आठवते. घराची कौले उतरवायची, फुटकी वेगळी काढायची, शेवाळ खरवडायचे आणि पुन्हा एकावर एक अशी बसवायची, की पाणी वरच्या कौलावरून खालच्यावर यावे आणि पागोळीवाटे अंगणात पडावे. घरातला कर्ता माणूस वर चढे, पोरे खालून कौले देत आणि आजी ओट्यावर बसून मागच्या आषाढात कुठे कुठे गळत होते ते सांगे. गळक्या जागा तिला पाठ असत. शाकारणी झाल्यावर घर काही अधिक देखणे दिसत नसे. पण मृगाच्या पहिल्या पावसात चूल कोरडी राहिली, की सगळ्यांना कृतार्थ वाटे.

तोरणा-राजगडाच्या या तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला. आमच्या तोंडी मात्र अजून वेल्हेच बसले आहे. नावाच्या आधीच छपरे बदलली होती. पत्रे आले, स्लॅब आले आणि शाकारणी मागे पडली. तिच्याऐवजी दारात मोटारगाडी आली. या गाडीचीही शाकारणी करावी लागते, हे कळायला मला दोन पावसाळे आणि एक सडलेले दार लागले.

त्याचे असे झाले. आम्ही भोरला स्थायिक झालो तेव्हा एक जुनी, लहानशी गाडी घेतली. जुनी असली तरी आमची पहिलीच. ती नवी दिसावी या हौसेने मी शहरातल्या एका दुकानात गेलो. तिथल्या पोराने दोन्ही बाजूंच्या दारांखाली चकचकीत पट्ट्या बसवून दिल्या. बसवल्या म्हणजे पत्र्याला गिरमिटाने भोके पाडून स्क्रूने आवळल्या. मी कौतुकाने पाहत उभा होतो. दोन पावसाळ्यांनंतर पट्टी तशीच चमकत होती, पण तिच्यामागचा पत्रा पापुद्र्यांसारखा बोटांत येत होता. उघड्या पत्र्यावरचे पाणी वाऱ्या-उन्हाने वाळते. पट्टी आणि पत्रा यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीतले पाणी दिवसेंदिवस वाळत नाही, आणि रंगाचा थर जिथे भोकामुळे फुटला आहे तिथूनच गंज आपले काम सुरू करतो. त्या पोराला तरी काय दोष द्यावा? दागिना मी मागितला होता, त्याने दागिना दिला.

यंदा चैत्रात आमचे चिरंजीव पुण्याहून सुट्टीला आले ते यादी घेऊनच. दारांच्या मुठींना क्रोमची टोपणे, दिव्यांभोवती क्रोमच्या कडा, खिडक्यांवर व्हायझर आणि पुढे भक्कम लोखंडी गार्ड. "सगळं घरीच बसवता येतं, बाबा. मी पाहून ठेवलंय." घरी बसवायचे हे मला पटले, काय बसवायचे याबद्दल मन साशंक होते. तेवढ्यात सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, आधी ते पाणी कुठून शिरतं ते बघा. गेल्या आषाढात महाडहून येताना माझे पाय घोट्यापर्यंत भिजले होते." वरंध घाटातला पाऊस ज्यांनी गाडीत बसून सोसला आहे, त्यांना यात अतिशयोक्ती वाटणार नाही. मला ओट्यावरची आजी आठवली. घरातली गळकी जागा नेहमी कोणा तरी एकाला ठाऊक असते. त्याला विचारायचे मात्र राहून जाते.

मग यादी बाजूला ठेवून आम्ही पाणी शोधले. मी बॅटरी घेऊन आत बसलो आणि चिरंजीवांनी बाहेरून पाइपने पाणी सोडले. आधी दाराच्या खालच्या कडेला, मग खिडकीला, शेवटी पुढच्या काचेला, असे खालून वर. एकदम टपावर पाणी ओतले तर ते सगळीकडून येते आणि कळत काहीच नाही. अर्ध्या तासात तीन चोर सापडले. खिडकीच्या काचेला बाहेरून टेकणारी रबरी पट्टी उन्हाने कडक होऊन काचेपासून सुटली होती. वायपरखालची काळी प्लॅस्टिकची जाळी तिच्या दोन क्लिपा तुटल्याने उचकली होती आणि तिच्याखाली पानांचा लगदा साचला होता. पुढच्या चाकावरचे प्लॅस्टिकचे अस्तर फाटून चिखल थेट पत्र्यावर उडत होता.

हे सारे भाग आपण 'बाहेरची सजावट' या एकाच नावाखाली ढकलून देतो. वास्तविक ती गाडीची कौले आहेत. खिडकीच्या रबराला पाणी पूर्ण अडवायचेच नसते. थोडे पाणी दाराच्या पोकळीत उतरणार हे गृहीत धरून दाराच्या तळाशी बारीक छिद्रे ठेवलेली असतात. दारात पाणी शिरणे हा दोष नव्हे. ते बाहेर न पडणे हा दोष. रबर निकामी झाले की पाणी जास्त येते, चिखलाने छिद्रे बुजली की ते साचते आणि दार आतून कुजू लागते. बाहेरून रंग फुगलेला दिसेपर्यंत आत बरेच काही होऊन गेलेले असते.

आमच्या कामाला दोन रविवार लागले. रबरी पट्ट्या, जाळी आणि चाकाचे अस्तर आम्ही पुण्यात नाना पेठेतून आणले. क्लिपा लागतात त्याहून सहा जास्त घेतल्या, कारण जुन्या क्लिपा काढताना तुटतातच. उचकटायला लोखंडी स्क्रूड्रायव्हर वापरला नाही. त्याने रंगावर ओरखडा गेला म्हणजे गंजाला नवे आमंत्रण. प्लॅस्टिकच्या उलथन्याला फडके गुंडाळले की काम भागते. घरातले उलथने गेले म्हणून बोलणी खावी लागली, ती वेगळी!

दाराच्या मध्यावरची संरक्षक पट्टी अर्धवट सुटली होती. ती चिकटवलेली होती. हेअर ड्रायरने गरम करून, मागून मासेमारीचा तंगूस करवतीसारखा ओढत नेला आणि ती अलगद निघाली. उरलेला चिकटा अंगठ्याने चोळून काढला, पत्रा साबणाच्या पाण्याने धुतला, कोरडा केला आणि शेवटी स्पिरिटने पुसला. जुन्या पट्टीची रेघ आधीच कागदी टेपने आखून ठेवली होती, म्हणून नवी वाकडी गेली नाही. दोन्ही बाजूंनी चिकटणारा टेप दमट हवेत धरत नाही, तापलेल्या पत्र्यावरही नीट बसत नाही. म्हणून हे काम पावसाआधी, सकाळच्या सावलीत करावे, पट्टी टोकापासून टोकापर्यंत दाबावी आणि निदान एक दिवस तिला पाणी लागू देऊ नये. पूर्ण पकड यायला तीनेक दिवस जातात.

काम करताना चिरंजीवांना मी प्रीमियर पद्मिनीच्या गोष्टी सांगत होतो. कुर्ल्याच्या कारखान्यातली ती गाडी, तिचे चकाकणारे पोलादी बंपर, स्क्रूने काढता-घालता येणारे भाग. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर गेल्या. पुढे बंपर प्लॅस्टिकचे झाले आणि स्क्रूंची जागा झाकलेल्या क्लिपांनी घेतली. गाडी हलकी झाली हे चांगलेच झाले. पण ती कशी उघडते हे दिसेनासे झाले, आणि जे दिसत नाही त्याला हात लावायची आपली हिंमतही गेली. पाना हातात घेणे म्हणजे कमीपणा, ही मध्यमवर्गीय समजूत त्यात भर घालते. इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग ही जाणत्या मेकॅनिकचीच कामे, यात वाद नाही. पण रबर, जाळी आणि चाकाचे अस्तर बदलायला धीर आणि एक रविवार पुरतो.

राहता राहिला लोखंडी गार्ड. "घाटात दगड येतात, बाबा," हा मुलाचा युक्तिवाद. दगडाची भीती खरी आहे; दरडींमुळे वरंध घाट पावसाळ्यात अनेकदा बंद ठेवावा लागतो. पण वरून येणाऱ्या दरडीपुढे बंपरवरचा गार्ड काय करणार? उलट गाडीचे नाक मुद्दामच चुरगळेल असे घडवलेले असते, धक्का तिथेच जिरावा म्हणून. चासीला आवळलेला गार्ड तो धक्का सरळ आत पोचवतो आणि एअरबॅग केव्हा उघडायची हे ठरवणाऱ्या यंत्रणेचा हिशेब बिघडवू शकतो. म्हणूनच डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने अशा गार्डांवर कारवाई करण्यास राज्यांना कळवले. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा तो भंग ठरतो.

मी मुलाला कलम सांगितले नाही. त्याला भोरच्या बाजारात घेऊन गेलो. आठवडी गर्दीत एक लहान मुलगा आईचा हात सोडून आमच्या गाडीपुढून पळाला. त्याचे डोके नेमके बंपरच्या उंचीला होते. प्लॅस्टिकचा बंपर थोडा तरी दबतो. लोखंडी नळी दबत नाही. चिरंजीव बराच वेळ गप्प होते. घरी आल्यावर त्यांनी यादीतला गार्ड खोडला, मग क्रोमही खोडले. व्हायझर तेवढे ठेवले. भर पावसात काच बोटभर खाली ठेवता येते आणि आतल्या काचा धुकटत नाहीत, ही त्यांची बाजू मलाही मान्य झाली. तेही आम्हीच बसवले.

गाडी सजवू नये असे मी म्हणत नाही. घराला रंग देतो, उंबऱ्यावर रांगोळी घालतो, तशी गाडीची हौसही असावी. फक्त क्रम चुकू नये. आधी शाकारणी, मग रंगरंगोटी. आणि ज्या हौसेत पत्र्याला भोक पडते किंवा रस्त्यावरच्या दुसऱ्याच्या लेकराला धोका होतो, ती हौस नकोच. पुढच्या वैशाखात एक रविवार काढा. घरातल्या सगळ्यांना बोलवा, एकाला पाइप द्या, एकाला बॅटरी द्या आणि कुठे गळते ते आधी विचारा.

मृगाच्या पहिल्या सरीत आम्ही नसरापूरहून वेल्ह्याकडे निघालो होतो. मार्गासनीच्या पुढे पावसाने असे झोडपले, की गाडी बाजूला घेऊन थांबावे लागले. सौभाग्यवतींनी वाकून पायाखालच्या चटईवरून हात फिरवला आणि तो मागच्या सीटवरच्या मुलापुढे धरला. हात कोरडा होता.