ब्रह्मदेवालाही ठाऊक नसलेले उत्तर



लुडविग्सहाफेन येथे एका रविवारी आम्ही काही कुटुंबे बुद्धवंदनेसाठी एकत्र आलो होतो. वंदना संपताच बारा वर्षांच्या एका मुलीने विचारले, "आपण बुद्धांना देव आणि मनुष्यांचे शास्ते म्हणतो. म्हणजे देव आहेत ना? शाळेत एथिकच्या तासाला मी सांगितले की आम्ही देव मानत नाही. मी खोटे बोलले का?" आम्ही वडीलधारे क्षणभर निरुत्तर झालो. प्रतिज्ञा मुखोद्गत होत्या; उत्तर मात्र सुचेना.

पाली साहित्यात देव आहेत, हे मुलांपासून लपविण्याचे कारण नाही. परंपरेने 31 भूमी सांगितल्या आहेत : कामलोकात 11, रूपलोकात 16 आणि अरूपलोकात 4. मनुष्यलोक कामलोकातच येतो. तावतिंस देवांचे आयुष्य मानवी गणनेने 3 कोटी 60 लाख वर्षांचे. पण तेही संपते. हे देव जन्मतात आणि मरतात. ते सृष्टीचे कर्ते नाहीत, मुक्तीचे दातेही नाहीत.

दीघनिकायातील केवट्टसुत्तात एक भिक्खू विचारतो, चार महाभूते निःशेष कोठे निरुद्ध होतात? एकेका देवलोकातून तो महाब्रह्म्यापर्यंत पोहोचतो. ब्रह्मा स्वतःची थोरवीच सांगत राहतो. भिक्खू तिसऱ्यांदा विचारतो, तेव्हा ब्रह्मा त्याला हाताला धरून बाजूला नेतो आणि कबूल करतो : मला ठाऊक नाही, या देवांसमोर तसे सांगता आले नाही, तू बुद्धांकडे जा.

बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात दिलेल्या प्रतिज्ञांनी देवांची उपासना नाकारली. 1957 मध्ये प्रकाशित झालेल्या त्यांच्या ग्रंथातील बुद्ध मार्गदाता आहेत, मोक्षदाता नव्हेत. ग्रंथात देवाचा उल्लेख असणे वेगळे आणि त्याच्यापुढे मस्तक टेकणे वेगळे. इतर देशांतील बौद्ध बांधव या भूमी शब्दशः मानत असतील. त्यांचा उपहास आम्हांला शोभत नाही. आमच्यापैकी अनेक जण त्यांत लोभ, द्वेष आणि मैत्री यांच्या मनोवस्था पाहतात.

याच लुडविग्सहाफेनमध्ये 1885 साली जन्मलेल्या एर्न्स्ट ब्लॉख या तत्त्वज्ञाने 1968 मध्ये ख्रिस्ती धर्मातील निरीश्वरवादावर ग्रंथ लिहिला. म्हणजे हा प्रश्न या शहरालाही परका नाही.

त्या मुलीला आम्ही सांगितले, "बाळ, तू खोटे बोलली नाहीस. पुढच्या वेळी एवढेच जोड : आमच्या ग्रंथांत देव आहेत, पण तेही शिकायला बुद्धांकडे येतात."

आपल्या घरी मुलांनी असे विचारले, तर त्यांना गप्प बसवू नये. ठाऊक नसेल तर तसे सांगावे. ब्रह्म्यासारखे बाजूला नेऊन नव्हे, सर्वांसमक्ष.

नमो बुद्धाय!