मशीनशी घासाघीस कोणी करत नाही

मागच्या महिन्यात चार दिवस सुट्टी टाकून गावी, नेसरीला गेलो होतो. डोक्यात बरेच दिवस एक किडा वळवळत होता: घरच्या घरी स्पीकर बनवायचे. बाजारात चांगले तयार मिळतात, मान्य. पण ज्याला हा किडा चावलाय त्याला हे सांगून काही उपयोग नसतो :)

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्पीकरचा आवाज जेवढा वूफरचा, तेवढाच त्याच्या पेटीचा. आणि पेटी मनाला येईल तेवढी करून चालत नाही. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी 1961 साली आणि पुढे 1970 च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी याचं गणित नीट मांडलं. वूफरबरोबर जो कागद येतो त्यावरचे तीन-चार आकडे घेतले की पेटीत किती हवा हवी ते काढता येतं. माझ्या आठ इंची वूफरला मी साधारण 35 लिटरची पेटी धरली. म्हणजे 18 मिलिमीटरच्या एमडीएफची, बाहेरून 300 रुंद, 500 उंच, 320 खोल. अशा दोन. फटी राहिल्या तर त्यातून हवा फुसफुसते, म्हणून काप अचूक हवेत.

आमच्या गल्लीत एक सुतारकाका आहेत. घराची दारं, आजीचा पाट, मी ज्यावर बारावीचा अभ्यास केला ते टेबल, सगळं त्यांच्या हातचं. पण मी पडलो इंजिनिअर! कॅडमध्ये ड्रॉइंग काढलं, फाइल पेन ड्राइव्हवर घेतली आणि तालुक्याला एका सीएनसी कटिंगवाल्याकडे गेलो. अशा दुकानांत देवघराच्या जाळ्या आणि दारावरची नक्षी कापून मिळते. मालकाने फाइल उघडली, कॉम्प्युटरने वेळ काढली, वेळेवरून पैसे निघाले. मी मुकाट्याने दिले. कापायच्या आधी त्याने विचारलंही, "वूफरचं होल एवढंच ना?" मी ऐटीत म्हणालो, "फाइलमध्ये आहे तसंच काढा."

तसंच काढलं. काप इतके सुंदर की हात फिरवत राहावं. फळ्या घेऊन गावात उतरलो तर स्टँडवर मित्र म्हणाला, "काय रे, डॉल्बी करायलास काय?" (बाहेरच्या वाचकांसाठी: आमच्या कोल्हापूर भागात डॉल्बी म्हणजे मिरवणुकीतली स्पीकरची भिंत. ज्या रे डॉल्बीने 1965 साली लंडनमध्ये कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करायला. त्या बिचाऱ्याचं नाव आम्ही खिडक्यांच्या काचा हलवणाऱ्या गोष्टीला दिलं!)

घरी येऊन जोडायला बसलो आणि विमान जमिनीवर आलं. 18 ची फळी बसायला मी बरोबर 18 ची खाच काढली होती, ती फळी आत जाईना. काही खाचा कडेपर्यंत न नेता मध्येच थांबवल्या होत्या. सहा मिलिमीटरचा गोल फिरणारा बिट आतला कोपरा चौकोनी काढूच शकत नाही, तीन मिलिमीटरची गोलाई ठेवतो. फळीचा कोपरा चौकोनी, खाचेचा गोल. आणि कळस म्हणजे वूफरचं होल. कागदावर दोन व्यास असतात, एक बाहेरच्या कडेचा आणि एक भोकाचा. मी पहिला घेतला होता. वूफर ठेवला तो सरळ आरपार पेटीत!

शेवटी निमूट काकांना बोलावून आणलं. त्यांनी फळी उलटसुलट करून बघितली आणि एकच विचारलं, "आणि फेविकॉल कुठं बसायचा रं, इंजिनेर?"

मग पटाशीने कोपरे चौकोनी केले, खाचा जराशा मोकळ्या केल्या. उरलेल्या तुकड्यांतून दोन रिंगा कापल्या, कानशीने घासल्या आणि होलवर बाहेरून चिकटवल्या. त्यावर वूफर बसला. आता ती रिंग बघून लोक विचारतात, हे डिझाइन कुठलं?

आता मुद्द्याचं. काम झाल्यावर काकांनी मजुरी सांगितली आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "काका, जरा बघा की कमी करून." ते हसले, शंभर कमी केले. रात्री झोप लागेना. सीएनसीवाल्याशी मी एका रुपयाची घासाघीस केली नव्हती. तिथे स्क्रीनवर आकडा होता ना! ज्या मशीनने माझ्या तिन्ही चुका इमानेइतबारे कापल्या तिला पूर्ण पैसे, आणि ज्यांनी त्या निस्तरल्या त्यांचे शंभर कापले.

मी "जुनं ते सोनं" म्हणत नाहीये. दोन्ही पेट्या तंतोतंत सारख्या झाल्या त्या मशीनमुळेच, आणि स्टिरिओला तेच लागतं. हाताच्या करवतीने इतकं जमलं नसतं, हे काकाही मान्य करतात. पुढच्या वेळीही मी सीएनसीकडेच जाणार. पण सुतार म्हणजे कापणारा माणूस, ही आपली समजूतच चुकीची आहे. कापणं हे त्याच्या कामातलं सगळ्यात दिसणारं काम, तेवढंच. खाच थोडी सैल ठेवायची, वूफर हातात घेतल्याशिवाय भोक पाडायचं नाही, हे शहाणपण आपल्याला आजवर त्या मजुरीतच फुकट मिळत होतं.

कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांना हे पक्कं माहीत असतं. ओतकामासाठी लाकडाचा पॅटर्न करणारा कारागीर तो ड्रॉइंगपेक्षा जरा मोठा करतो, कारण बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं. ड्रॉइंगवर असते ती तयार वस्तूची मापं. एक टक्का कुठे वाढवायचा हे तो जाणतो, आणि त्याचे पैसे घेतो. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तरी वेगळं काय आहे? क्लायंटने लिहून दिलं तसंच्या तसं केलं तर निम्मी प्रोजेक्टं माझ्या वूफरसारखी आरपार जातील. न लिहिलेलं ओळखायचा आम्हाला पगार मिळतो, बरा मिळतो. मग सुतारकाकांना का नाही?

दुसऱ्या दिवशी शंभर परत द्यायला गेलो. वर म्हणालो, पुढचं ड्रॉइंग मशीनला द्यायच्या आधी तुम्हाला दाखवीन, त्या बघण्याचे वेगळे पैसे घ्यायचे. शंभर त्यांनी ठेवले. पण दुसरं काही त्यांना पटेना. म्हणाले, "नुसतं बघायचं कसले रं पैसे?"

हेच तर दुखणं आहे. बघण्याचेही पैसे असतात हे आपण त्यांना इतक्या वर्षांत कधी कळूच दिलं नाही.

असो. स्पीकर वाजतात मात्र झकास. पुढच्या पेटीचं ड्रॉइंग या वेळी कागदावर छापून घेतलंय, आणि सोबत वूफरही नेणार आहे.