सहल गेली, संग्रहालय राहिलं

डिसेंबर उजाडला की आमच्या बचत गटाच्या वहीत एक वेगळंच कारण चढतं. एरवी कर्ज मागण्याची कारणं ठरलेली असतात. शेळी, बी-बियाणं, दवाखाना, घरावरचे पत्रे. या दिवसांत मात्र ‘पोराची सहल’ असं लिहावं लागतं. मागच्या हिवाळ्यात न्हावऱ्याकडच्या एका बाईंनी हजार रुपये मागितले. नवरा रांजणगावच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे, दोन मुलं एकाच शाळेत आणि सहलीचे माणशी साडेआठशे. मी म्हटलं, “दोघांचे मिळून सतराशे होतात की.” तर म्हणाल्या, “न्हाई ताई, पोराला धाडते. पोरीचं काय, पुढच्या वर्षी जाईल.” पोरगी सातवीत आणि शाळा सातवीपर्यंतच! पुढचं वर्ष कुठून येणार होतं?

वहीवर सही झाली आणि मुलगा सहलीला गेला. पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम त्याला विचारलं, “काय काय पाहिलंस रे?” एका दिवसात दोन देवळं, एक किल्ला, पुण्यातलं एक संग्रहालय आणि शेवटी वॉटर पार्क. पाण्यातल्या घसरगुंडीचं वर्णन दहा मिनिटं चाललं. संग्रहालयाचं विचारलं तर म्हणाला, “तिथं लई गर्दी होती. सर म्हणले, पुढं चला, हात लावू नका.” पाऊण तासात सगळी दालनं उरकली होती. वहीत वस्तूंची नावं मात्र ओळीने उतरवून आणली होती, कारण निबंध लिहायचा होता. ती वस्तू कशाची, कोणी वापरली, कशासाठी, यातलं काही त्याला सांगता येईना. मैत्रिणींनो, आपल्याही मुलांना विचारून बघा. उत्तर फार वेगळं येणार नाही.

यात शिक्षकांना धारेवर धरण्यात अर्थ नाही. शंभर मुलं, चार शिक्षक आणि दर थांब्यावर डोकी मोजायची. २०१६ मध्ये मुरुडच्या समुद्रात पुण्यातले महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले, तेव्हापासून परवानग्या, पालकांची संमतिपत्रं आणि हमीपत्रं यांचं ओझं वाढलं. ते वाढायलाच हवं होतं. पण मुलं सुखरूप परत आणणं हेच सहलीचं एकमेव उद्दिष्ट होऊन बसलं, तर संग्रहालय हे फक्त ‘धोका नसलेलं ठिकाण’ उरतं. दोन देवळांच्या मध्ये बसवायला सोयीचं!

आणि गंमत बघा, कागदावर सगळं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना शिकू द्या, असं म्हटलंय. आपल्या राज्यात २०२४ पासून ‘आनंददायी शनिवार’ही आला. जागतिक संग्रहालय दिन असतो १८ मे रोजी. त्या दिवशी आमच्या शाळांना कुलूप आणि मुलं मामाच्या गावी! या दिवसाचा आमच्या मुलांना उपयोग काय, ते मला कुणीतरी सांगावं.

मुलांसाठी म्हणून काढलेलं जगातलं पहिलं संग्रहालय अमेरिकेत ब्रुकलिनला १८९९ मध्ये सुरू झालं. आपल्याकडे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने आपल्या आवारात मुलांचं स्वतंत्र संग्रहालय २०१९ मध्ये उघडलं. तिथल्या पहिल्या प्रदर्शनासाठी वस्तू निवडण्याचं काम मुलांनाच दिलं होतं, हे मला फार आवडलं. मुलाला ‘बघ’ म्हणणं वेगळं आणि ‘यातलं काय ठेवू या, तू सांग’ म्हणणं वेगळं. घरात आपण तरी हे कितीदा विचारतो?

पुण्यातही काही कमी नाही. आयुकाच्या आवारात पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून उभी राहिलेली मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. अरविंद गुप्ता यांनी तिथे अनेक वर्षं आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्वट्यूब आणि जुन्या वर्तमानपत्रांतून खेळणी करून विज्ञान शिकवलं. तिथे ‘हात लावू नका’ नाही, हात लावल्याशिवाय काही कळतच नाही. कोथरूडचं जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. माझं माहेर दौंडचं, रेल्वे जंक्शनचं. तुम्ही म्हणाल, दौंडच्या पोरांना रेल्वेचं काय कौतुक! पण सिग्नल पडला की रूळ कसा बदलतो, हे फलाटावर उभं राहून कधी दिसतं का?

आणि दिनकर केळकरांचं राजा केळकर संग्रहालय. सात वर्षांचा एकुलता एक मुलगा गेला, त्याच्या नावाने वडिलांनी आयुष्यभर वस्तू जमवल्या. अडकित्ते, दिवे, वज्री, स्वयंपाकाची भांडी. कमलाबाईंची त्यांना साथ होती. राजवाड्यातल्या तलवारींपेक्षा बायकांच्या हातात रोज फिरलेल्या वस्तूच तिथे जास्त बोलतात, असं मला वाटतं. आमच्या शाळांची रांग मात्र तलवारीपाशी थांबते आणि अडकित्त्यापाशी पळते.

आता माझ्या खऱ्या मुद्द्याकडे येते. आमच्या शिरूर तालुक्यात इनामगाव नावाचं गाव आहे. शिरूरला जुनी माणसं अजूनही घोडनदी म्हणतात, त्याच घोड नदीच्या काठी, पुढे ती भीमेला मिळण्याआधी. तीच भीमा मग दौंडवरून जाते. म्हणजे आमचे दोन्ही तालुके एकाच पाण्यावरचे. या इनामगावात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं खोदाई केली. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झै. दा. अन्सारी अशी मोठी माणसं तिथल्या मातीत बसली होती. साधारण ३६०० ते २७०० वर्षांपूर्वी तिथे नांदतं गाव होतं. घरं, चुली, धान्याची कोठारं, गहू, जव, कडधान्यं आणि बोरं-जांभळं, सगळ्यांच्या खुणा निघाल्या. नदीचं पाणी वळवण्यासाठी केलेला चरसुद्धा सापडला. ऊस नव्हता, एवढाच काय तो फरक!

तिथल्या लोकांनी मेलेल्या तान्ह्या बाळांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवलं आणि घराच्या जमिनीखालीच पुरलं. गावाबाहेर नेलं नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते. मोठ्या माणसांचे घोट्याखालचे पाय काढून पुरत. भूत होऊन कुठे जाऊ नये म्हणून, असं अभ्यासकांना वाटतं. एक माणूस मात्र पायांसकट, मांडी घातलेला, चार पायांच्या मोठ्या रांजणात बसवलेला सापडला, तोही पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात. एका घरात झाकणाच्या मातीच्या डबीत डोकं नसलेली बाईची मूर्ती होती, सोबत बैल. ती कोण असेल, यावर सातवीतली पोरं तासभर भांडतील, पैजेवर सांगते.

पुढे तिथला पाऊस कमी होत गेला, असं मानतात. मोठी चौकोनी घरं गेली, लहान गोल झोपड्या आल्या. ग्वेन रॉबिन्स शूग या अमेरिकन संशोधिकेने इनामगाव, नेवासे आणि दायमाबादच्या लहान मुलांच्या हाडांचा अभ्यास केला. त्यांच्या २०११ च्या पुस्तकात त्या पडत्या काळातल्या मुलांची वाढ खुंटल्याचं दिसतं. मी अंगणवाडीत मुलांची वजनं घेताना तक्त्यावरच्या रेषा बघते ना, तेव्हा हे हटकून आठवतं. टँकरची वाट पाहणाऱ्या आमच्या गावांतल्या मुलांना हा इतिहास परका वाटेल का?

एनसीईआरटीच्या सहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात कित्येक वर्षं इनामगावचा मजकूर होता. दिल्लीतल्या मुलांनी तो रांजणातला माणूस पाठ केला, परीक्षेत मार्क मिळवले. आमच्या बचत गटात इनामगावच्या शेजारच्या गावची सून आहे. तिला विचारलं, तर म्हणाली, “व्हय, पांढरीच्या टेकाडावर पूर्वी सायेब लोक खोदायचे म्हणत्यात. सोनं निघालं व्हतं का हो?”

तिथून निघालेल्या वस्तू पाहायच्या तर डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जावं लागतं. ते येरवड्याला. म्हणजे शिरूरहून नगर रोडने जाणाऱ्या गाडीला पुण्याच्या गर्दीत फार आत शिरायचीही गरज नाही. एका शनिवारी इनामगावचं टेकाड दाखवा, पुढच्या शनिवारी येरवडा. बस्स, दोनच ठिकाणं. पण जाण्याआधी वर्गात आठवडाभर बोलणं व्हावं. संग्रहालयाला आधी पत्र लिहून समजावून सांगणारं माणूस मागावं. वीस-वीस मुलांचे गट करावेत आणि प्रत्येक मुलाने एकच वस्तू निवडून तिच्यापुढे बसावं. नावं उतरवायची नाहीत, चित्र काढायचं आणि तीन प्रश्न लिहायचे. परत आल्यावर त्या प्रश्नांची उत्तरं गावात शोधायची.

संग्रहालय मुलांकडेही येऊ शकतं. मुंबईच्या त्याच वस्तुसंग्रहालयाची ‘म्युझियम ऑन व्हील्स’ ही बस २०१५ पासून निघाली आहे, ती शाळांच्या दारात जाते. अशा बसला बोलावणं धाडायला मुख्याध्यापकांचं एक पत्र लागतं. आणि बस येईल तेव्हा येईल, आम्ही एका शाळेत वेगळाच उद्योग केला. बायकांना सांगितलं, घरातली माळ्यावरची जुनी वस्तू आणा. पायली, आदोली, चिपटं अशी मापं आली, दगडी उखळ आलं, पाभरीचं चाडं आलं, एकीने सासूची फणेरपेटी आणली. सांगायला म्हाताऱ्या बसवल्या. एरवी शाळेच्या पायरीवरही न चढणाऱ्या एक आजी चिपट्याचं आणि मापट्याचं गणित असं काही समजावत होत्या की गुरुजीही वही काढून बसले. दोन चिपटी म्हणजे एक मापटं का एक शेर, यावर दोन आज्यांचं जुंपलं, ते वेगळंच! खर्च आला चहाचा. आणि त्या दिवशी वर्गातलं एकही मूल पैशापायी घरी राहिलं नाही. ती सातवीतली मुलगी पण होती. चाड्यातून बी कसं सोडायचं, ते तिने हाताने करून दाखवलं. शेतात आईबरोबर जाते ना!

वॉटर पार्कला माझा विरोध नाही बरं का. आमच्या मुलांना पोहायला नदीत पाणी कुठे उरलंय? खेळू द्या की. पण त्याला ‘शैक्षणिक सहल’ म्हणून पावती फाडू नये, आणि ज्या घरात साडेआठशे निघत नाहीत तिथे ‘एकालाच पाठवते’ असं आईला म्हणायला लावू नये. कारण मग घरी कोण राहतं, हे मी वहीत बघते.

यंदा पालक सभेत मी इनामगाव-येरवड्याचा हिशेब मांडला. शैक्षणिक सहलीला एस.टी. निम्म्या भाड्यात गाडी देते, ते धरलं. दोन्ही फेऱ्या मिळूनही आकडा वॉटर पार्कच्या निम्म्यात बसला. मुख्याध्यापकांनी कागद दोनदा वाचला. “ताई, सगळं बरोबर आहे हो. पण पोरं रुसतील.” मागून एक आई म्हणाली, “रुसू द्या की सर, पण समदी जातील.” दुसरी लगेच उठली, “माझा लेक वर्षभर त्या घसरगुंडीची वाट बघतोय, त्याला मी काय सांगू?” सभा तिथेच लांबली. निर्णय पुढच्या शनिवारवर गेला आहे.

त्या बाईंच्या हजार रुपयांचा शेवटचा हप्ता मात्र जूनमध्येच फिटला. मुलगी आता आठवीला दुसऱ्या गावच्या शाळेत जाते. तिथल्या सहलीची चिठ्ठी अजून आलेली नाही.