‘आई आहेस, म्हणजे निम्मी काउन्सेलर झालीसच!’

चाळिसाव्या वर्षी समुपदेशनाच्या पदविकेला प्रवेश घेतला, तेव्हापासून हे वाक्य मी सासूबाईंपासून वर्गातल्या एका सरांपर्यंत सगळ्यांकडून ऐकलंय. कौतुकच असतं ते. तरीही आता ते मला सहन होत नाही.

एक तर ते खोटं आहे. आई म्हणून मी सल्ले देते, घाई करते, ओरडते. धाकटीला गणितात कमी मार्क पडले की माझीच इज्जत गेल्यासारखं मला वाटतं. कार्ल रॉजर्सने १९५७ साली विनाअट स्वीकाराबद्दल लिहिलं. समोरच्याच्या मार्कांशी माझा काडीचाही संबंध नसताना, बंद खोलीत, पन्नास मिनिटांपुरता तो मला जेमतेम साधतो. सकाळी पावणेसातला खाली स्कूलबस हॉर्न देत असताना अजिबात नाही. वर्गात शिकलेलं एक वाक्य एकदा थोरल्यावर वापरून पाहिलं, “तुला खूप राग आलाय असं दिसतंय.” तो म्हणाला, “आई, नॉर्मल बोल ना!” बरोबर होतं त्याचं. घरात काउन्सेलर कुणाला हवाय?

पण नुसतं खोटं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. या वाक्यावर पैसे वाचवले जातात. आठवड्यातल्या तीन दुपारी मी एका संस्थेत बिनपगारी इंटर्नशिप करते. सुपरव्हिजनची फी माझ्या खिशातून, पाळणाघराचीही. विद्यावेतनाचं विचारलं तर प्रमुख बाई गोड हसून म्हणाल्या, “अहो, हा सेवाभाव आहे. बायकांच्या अंगात तो उपजतच असतो.” सीएच्या आर्टिकलशिपला किमान विद्यावेतन ठरलेलं असतं, इंटर्न डॉक्टरांनाही मिळतं. हिशेब तुमच्या अंगात उपजतच आहेत, फुकट करा, असं त्यांना कुणी म्हणत नाही. कायद्यालाही आमची घाई नव्हतीच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची, परिचारिकांची नोंदणी आहे, समुपदेशकांची नाही. २०२१ च्या वेगळ्या कायद्यात कुठे आम्ही सापडतो.

मग टिकतं कोण? जिच्या घरी दुसरा पगार येतो ती. माझ्या घरी येतो, म्हणून मी टिकले; यात माझं कर्तृत्व शून्य. (नवरा रविवारी मुलांना सांभाळतो म्हणून त्याचं केवढं कौतुक होतं, तो विषय वेगळाच!) आमच्या गटातली एक जण दोन मुलं एकटीनं वाढवत होती. आमच्यात सगळ्यात चांगली ती होती, आणि आई होती म्हणून नव्हे. समोरचा गप्प बसला की आम्ही बाकीच्या घाबरून काहीतरी बोलून टाकायचो. ती थांबायची. दुसऱ्या सत्राची फी भरायच्या आठवड्यात तिनं कोर्स सोडला. सध्या एका कोचिंग क्लासच्या रिसेप्शनवर असते.

गटाच्या सुपरव्हिजनची फी आता पाचऐवजी चौघींत वाटली जाते.