सोपी स्वरलिपी : पायरी की पळवाट?

सायमन व गारफंकल या जोडीच्या ‘ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर’ (१९७०) या गीताची सोपी पियानो-स्वरलिपी मिळते. मूळ गाणे ई-फ्लॅट मेजरमध्ये. त्या सप्तकातले तीन स्वर काळ्या पट्ट्यांवर येतात. सोप्या प्रतीत ते बहुधा सी मेजरमध्ये आणतात. डाव्या हाताला एकेकच स्वर उरतो. जाणकार याला कलेची विटंबना म्हणतात. मला ते पटत नाही. लॅरी नेक्टेलची गॉस्पेल वळणाची भरगच्च साथ नवशिक्याच्या बोटांना कशी पेलावी? मात्र काय गाळले, ते प्रकाशकाने पहिल्याच पानावर छापावे. सोपेपणा हा गुन्हा नव्हे. अर्धे देऊन पूर्ण म्हणणे ही फसवणूक होय. मित्रहो, पायरीवर पाय जरूर ठेवावा; तिथेच मुक्काम मात्र करू नये!